तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ताई, आता पुढे काय बनवू?’

घरच्या जिमबद्दलचा प्रश्न एकच असतो, फक्त सामानाची यादी बदलते. ‘ताई, घरी बेंच आहे, रॉड आहे, ६० किलोच्या प्लेटा आहेत, डंबेलची जोडी आहे. ओळखीचा ग्रिलवाला आहे. आता पुढे काय बनवू?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. बहुतेकांना लॅट पुलडाऊन (पुलीवरून वजन खाली ओढायची मशीन) बनवायचा असतो, उरलेल्यांना भिंतीत चिन-अप बार ठोकायचा असतो. मी फक्त ‘हो’ म्हणायचं. मी म्हणत नाही, म्हणून मी खडूस. ठीक आहे. एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

तुमच्या यादीत एक गोष्ट कधीच नसते: घरात तुम्ही एकटे असताना वजन वर गेलं नाही, तर ते कुठे जाणार? बेंचवर छातीवर अडकलेला बार, खांद्यावर घेऊन खाली बसलात आणि उठता आलं नाही तो बार. पुढचं सामान यावरून ठरतं. कुठला नवा व्यायाम करायला मिळेल, यावरून नाही. ‘पण मी तेवढं जड मारतच नाही,’ हे उत्तर मला पाठ आहे. जड न मारणारा माणूसच बाराव्या-तेराव्या रेपला (आवर्तनाला) अडकतो, कारण थांबायचं कधी हे त्याला वजनावरून कळत नाही.

आता भिंतीतल्या बारबद्दल. यावर माझा आवाज का चढतो, ते सविस्तर सांगते.

नव्या इमारतीतला फ्लॅट. मुलगा विशीतला, वजन ७५ किलो. बार ग्रिलवाल्याकडून छान करून घेतलेला. भिंतीपासून ६० सेंटीमीटर पुढे आलेले दोन हात, मागे ३० सेंटीमीटर अंतरावर वर-खाली भोकं असलेल्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येक भोकात १० मिमीचा अँकर फास्टनर (भिंतीत फुगून बसणारा बोल्ट). वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. भिंत मात्र १५० मिमी एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची. भोक पाडताना ड्रिल हॅमरवर टाकावंच लागलं नाही, बिट नुसतं दाबलं तरी आत गेलं आणि खाली पांढरट, पिठासारखा भुगा पडला. विटेची भिंत असती तर भुगा लाल पडला असता. काँक्रीट असतं तर करडा पडला असता, ड्रिल किंचाळलं असतं आणि हात भरून आला असता. काम पटकन झालं म्हणून सगळे खूश.

हिशोब करा. ७५ किलो गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे १५० किलो. हा वरच्या दोन बोल्टांना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर, एकेकाला ७५. तोही शांत लटकल्यावर. खाली येताना कोपर सैल सोडून झटक्यात लटकलात की सहज दुप्पट. आणि अँकर फास्टनर काम कसं करतो? नट आवळला की मागचा शंकू पुढे सरकतो, बाहेरची नळी फुगते आणि भोकाच्या भिंतीला दाबून धरते. एम-२५ प्रतीचं काँक्रीट दर चौरस मिमीला २५ न्यूटन सोसतं, ते हा दाब झेलतं. एएसी ब्लॉकची ताकद ३-४ न्यूटन. तिथे नळी फुगते आणि ब्लॉकचं पीठ होतं. नट जितका जास्त आवळाल तितकं जास्त पीठ. शेवटी नट नुसताच फिरत राहतो, आणि माणूस ‘बसला घट्ट’ म्हणून पाना ठेवून देतो.

बार लगेच पडला असता तर बरं झालं असतं. तो टिकला, ही खरी पंचाईत. प्रत्येक रेपला नळी आत किंचित डोलते, गोल भोक लांबट होत जातं. पट्टीची वरची कड भिंतीपासून सुटायला लागली होती. पोस्टकार्ड जाईल एवढी फट. खाली स्कर्टिंगवर पांढऱ्या भुग्याची बारीक रेघ पडायची, ती त्याच्या आईने एकाहून जास्त वेळा झाडून काढली. कुणी वर पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी डावी पट्टी सुटली, बार तिरका झाला, सगळा भार उजवीकडे गेला आणि उजवा बोल्ट ब्लॉकचा शंकूच्या आकाराचा तुकडा घेऊनच बाहेर आला. बार हातात धरलेला, तसाच तो मागे पडला. मनगट मोडलं. पट्टीची कड खांद्याशेजारी फरशीवर आदळली आणि टाइल फुटली. चार बोटं इकडे आली असती तर हा लेख वेगळा झाला असता.

हात प्लास्टरमध्ये असतानाच त्याचा मेसेज आला: ‘ताई, आता पुढे काय बनवू?’

म्हणून सांगते. तालमीत दोर आढ्याला बांधतात, भिंतीला नाही. तुम्हीही बीम किंवा कॉलम शोधा. भोक पाडताना आत सळई लागली तर जोर करू नका, भोक दोन इंच सरकवा. स्लॅबला खालून भोक पाडायचा विचार असेल तर आतून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात, हे लक्षात घ्या. ब्लॉकच्या भिंतीशिवाय इलाजच नसेल तर फास्टनर विसरा. १२ मिमीचा आटे असलेला रॉड भिंतीच्या आरपार, पलीकडे ६ मिमीची रुंद पट्टी. अर्थात पलीकडे तुमचीच खोली असेल तर. शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये तुमचे नट निघाले तर मला बोलवू नका.

पण मुळात भिंतीची गरजच काय? रॅक, म्हणजे वजनाचा बार ठेवायचा आणि अडकला तर झेलायचा चार खांबांचा सांगाडा, बनवलात की चिन-अप बार वर फुकट मिळतो. आता कळलं ना, मी सारखी रॅकच का म्हणते?

रॅकला ५० × ५० चा चौकोनी पाइप, ३ मिमी जाड. दुकानदार ‘तीन एमएम’ म्हणून दोनचा देतो, आणि कापलेल्या टोकाला कॅलिपर लावल्याशिवाय ते कळत नाही. सोपा उपाय वजनकाटा. २० फुटी लांबी ३ मिमीची असेल तर साधारण २६ किलो भरते, २ मिमीची १८. पाइप किलोवरच विकतात, तेव्हा काट्यावर ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. सात फूट उंच, बाहेरून १२० सेंटीमीटर रुंद, आत ७५ खोल असा चार खांबांचा रॅक तीन लांबींत बसतो, फक्त आधी ७ फुटांचे चार खांब कापून घ्यायचे आणि उरलेल्यातून आडवे. रुंदी १२० च्या वर नेऊ नका. मोठ्या बारच्या दोन कॉलरमधलं (प्लेटा जिथे अडतात त्या कड्यांमधलं) अंतर १३१ सेंटीमीटर असतं, बार ठेवताना दोन्हीकडे पाच-साडेपाच सेंटीमीटर मोकळे हवेत.

गोची होते ती खांबांच्या भोकांत, ज्यांत बार आणि सेफ्टी टेकवायच्या पिना बसतात. १६ मिमीच्या पिनेला १७ मिमीचं भोक, दर ५० मिमीला एक. हातातल्या ड्रिलने आरपार मारलं की मागच्या बाजूला ते तिरकं निघतं, मग डावी पिन बसते आणि उजवी बसत नाही. म्हणून आधी ६ मिमीच्या पट्टीवर भोकांचा साचा करा, तो पाइपाच्या दोन्ही अंगांना त्याच टोकापासून लावून सेंटर पंच मारा, आधी ५ मिमीचं बिट आणि मग १७ चं. टेबल ड्रिलवाल्याकडे काम दिलंत तरी साचा तुमचाच द्या. वेल्डिंगच्या आधी चारही कोपरे नुसते टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून उभे करा आणि दोन्ही कर्ण मोजा. मग एक टाका इकडे, पुढचा समोरासमोर. एकाच कोपऱ्यात सलग वेल्ड मारला की पाइप तिकडे ओढला जातो, आणि तुमचा रॅक आयुष्यभर एका पायावर डुगडुगतो. वरच्या चिन-अप बारला एक इंची बी-क्लास (मध्यम जाडीचा) पाइप घ्या. बाहेरून ३३.७ मिमी, पकडायला जरा जाड, पण चालतो. काळा घ्या. जीआयवर, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपावर, वेल्ड मारला की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो वेल्डरच्या छातीत जातो. कोकणात असाल तर रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, आणि खांबांची वरची टोकं बंद करून खाली एक बारीक भोक ठेवा, नाहीतर पावसाळ्यातली ओल आत साचून पाइप आतून खाते.

सेफ्टी, म्हणजे अडकलेला बार झेलणाऱ्या दोन्हीकडच्या आडव्या दांड्या, हा रॅकचा जीव. सेफ्टीची उंची बेंचवर अशी हवी की छाती फुगवलेली असताना बार छातीला लागेल, सेफ्टीला नाही. छाती सोडून सपाट झालात की बार सेफ्टीवर बसेल, गळ्यावर नाही. हा फरक दोन-तीन सेंटीमीटरचा असतो आणि तुमची भोकं पाच सेंटीमीटरवर आहेत. मग काय करायचं? बेंचखाली १८ मिमी प्लायचा तुकडा सरकवा. दिसायला गावठी आहे, काम चोख करतो.

आता माझं माझ्याशीच भांडण. पूर्वी मी डोळे मिटून ‘रॅक’ सांगायची. पण ज्याच्याकडे सगळं मिळून ४० किलो आहे, त्याने ७५ किलोचा रॅक उभा करून त्यात काय ठेवायचं? त्याला प्लेटा हव्यात. त्या ओतून घेता येतात. ५० × ३ ची पट्टी वाकवून ४५० मिमी व्यासाची रिंग, मध्ये दोन इंची पाइपाचा ५० मिमीचा तुकडा (आतून साधारण ५३ भरतो, बारच्या ५० च्या स्लीव्हवर, म्हणजे प्लेटा चढवायच्या जाड टोकावर, सैलसर बसतो), दोन्ही ६ मिमीच्या सळयांनी जोडलेले. त्यात १ : १.५ : ३ चं काँक्रीट, १० मिमी खडी, वरून फळी फिरवून सपाट. प्लेट जवळजवळ २० किलोची होते. निदान ७ दिवस पाणी मारा. वजन महिन्याने करा, ओल गेल्यावर थोडं उतरतं. कमी भरली तर कडेला लोखंडाचा तुकडा वेल्ड करा. फक्त ही प्लेट डोक्यावरून टाकायची नाही.

पण मग त्या ४० किलोवाल्याने प्लेटा केल्या, वजन १०० वर गेलं आणि रॅक नाही, तेव्हा काय? म्हणजे पुन्हा रॅक. इथे मी दर वेळी अडकते.

वजनाचा बार मात्र बनवू नका, विकत घ्या. २५ मिमीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) रॉड घेतलात आणि दोन्ही टोकांना ५०-५० किलो लावून खांद्यावर घेतलंत, तर मधल्या भागात ताण साधारण १७५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. एमएस २५० च्या आसपास कायमचा वाकतो. बैठकीच्या तळाशी उसळी घेतलीत की भार दीडपट, १७५ चे २६०. मग रॉड धनुष्य होतो आणि रॅकवर गडगडतो. चांगल्या बारचं पोलाद याच्या चौपट-पाचपट सोसतं, आणि ते ग्रिलवाल्याकडे नसतं.

आणि तुमचा लाडका लॅट पुलडाऊन. रॅक उभा राहिल्यावर त्याच्याच माथ्यावर दोन पुली लावून होतो, वेगळी मशीन लागत नाही. विहिरीच्या रहाटाचं चाक लावू नका, त्याची खाच सुंभाच्या दोरासाठी असते. वायर रोप त्यात चपटा होतो. ९० ते १०० मिमीची, बेअरिंगची नायलॉन पुली घ्या, ५ मिमीचा रोप. चाक लहान घेतलंत की रोपाच्या तारा एकेक करून तुटतात. टोकाला यू-क्लॅम्प तीन लावा, प्रत्येकाची खोगिरासारखी बाजू भार घेणाऱ्या रोपावर आणि यू सुट्या टोकावर. उलटे लावले तर यू भाराचाच रोप चेचतो. पहिल्यांदा वजन लटकवल्यावर रोप बारीक होतो, तेव्हा नट पुन्हा आवळा. महिन्यातून एकदा रोपावरून चिंधी फिरवा, हात नाही. चिंधी अडकली तिथे तार तुटली आहे, रोप बदला.

राहिला एक मुद्दा, ज्यावर मीच दोन बाजूंनी बोलते. रॅक पूर्ण वेल्ड करायचा की बोल्टचा? वेल्ड केलेला हलत नाही, कुरकुरत नाही. पण सात फूट उंच आणि चार फूट रुंद सांगाडा लिफ्टमध्ये जात नाही, आणि भाड्याचं घर सोडताना तो कापावा लागतो. बोल्टचा नेता येतो, पण जोडाला ६ मिमीचे त्रिकोण आणि १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट लागतात, तेही दर दोन-तीन महिन्यांनी आवळावे लागतात, आणि ते कुणी आवळत नाही. हल्ली मी दोन्ही बाजू वेल्ड आणि मधले आडवे बोल्टने, असं सुचवते. तेही मला पुरतं पटलेलं नाही. जिन्याच्या वळणाचं माप आणि दाराची रुंदी आधी कळवा, मग बोलू.