वायर लावूनही नेट तुटते तेव्हा

आमची इमारत दादरची, जुन्या बांधणीची. भिंती जाड आणि बिऱ्हाडे दाटीची. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि राउटर मात्र प्रत्येक बिऱ्हाडात. त्यामुळे मागच्या खोलीत बसून काम करायचे तर वायरीला पर्याय नाही. हॉलमधल्या राउटरपासून गॅलरीबाहेरच्या भिंतीवरून ओढलेली वायर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला लावलेली होती. जून लागला आणि ती तुटक चालू लागली. काही सेकंदांसाठी नेट जाई, परत येई, आणि ऑनलाइन बैठकीत आपली बोलायची पाळी आली की हमखास जाई. पुरवठादाराकडून आलेल्या मुलाने राउटरकडे एक नजर टाकली आणि "काका, पावसात असंच होतं, राउटर बदलून बघू," असे सांगितले. पावसाचा संबंध त्याने बरोबर ओळखला होता; राउटरचा मात्र त्यात काही हात नव्हता. हे कसे ठरवले ते सविस्तर लिहितो, कारण अशा वेळी ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकणे, राउटर मूळ सेटिंगवर आणणे, इतकेच काय पण कंपनी बदलणे, हे सगळे आधी होते आणि वायरीकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते.

पहिला प्रश्न असा, की लॅपटॉप आणि राउटर यांच्यातली जोडणी तुटते, की राउटरपासून पुढची? याचे उत्तर विंडोजमध्ये फुकटात मिळते. आधी लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, कारण वायर सुटताच विंडोज गुपचूप वायफायवर जाते आणि खरा दोष झाकला जातो. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) लावून ठेवावे. आज्ञेत उणे चिन्ह आणि टी हे अक्षर जोडले की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहते. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' या नावापुढे तो दिसतो. नेट गेले तेव्हा राउटरची उत्तरे सुरळीत येत असतील आणि फक्त बाहेरची थांबली असतील, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे आणि पुरवठादाराला फोन करण्यात अर्थ आहे. दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या, तर फोन करून उपयोग नाही; दोष आपल्या घरात आहे. पडद्यावरचा संदेशही वाचण्यासारखा असतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे निरोप गेला पण उत्तर वेळेत आले नाही. 'जनरल फेल्युअर' असे येऊ लागले तर निरोप लॅपटॉपबाहेर पडलाच नाही, म्हणजे बहुधा लिंकच, वायरीवरची जोडणीच, पडली आहे. आमच्याकडे दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी 'जनरल फेल्युअर' उमटत होते. (लिंक चालू आहे पण लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, असे दिसले तर तो निराळा आजार: राउटरने पत्ता दिलेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेतला आहे.)

त्यानंतर वेग पाहावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर 'लिंक स्पीड' दिलेला असतो, आणि हा आकडा दोषाची दिशा दाखवतो. आमच्याकडे सकाळी तो १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, असे आणि एखाद्या खंडानंतर पाहिले तर १०० झालेला असे. याचे कारण वायरीच्या रचनेत आहे. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात आणि त्या पिळलेल्या चार जोड्यांत असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, म्हणजे प्लगमधल्या १, २, ३ आणि ६ या पिना. १९९९ साली प्रमाणित झालेल्या तांब्याच्या वायरीवरील गिगाबिट इथरनेटला मात्र चारही लागतात. गंमत अशी, की कोणत्या वेगाने बोलायचे याची दोन यंत्रांमधली वाटाघाट होते ती याच पहिल्या दोन जोड्यांवरून. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी अधू असली तरी राउटर आणि लॅपटॉप यांचे गिगाबिटवर एकमत होते, प्रत्यक्षात लिंक उभी राहत नाही किंवा उभी राहून पडते, पुन्हा वाटाघाट होते, आणि अनेक यंत्रे शेवटी हार मानून १०० वर येतात. आपल्याला दिसते ते फक्त जाणारे-येणारे नेट. गिगाबिटचे दोन्ही पोर्ट असताना वेग १०० वर उतरलेला दिसला, तर मी आधी वायरीवर संशय घेईन आणि मग इतर कशावर.

हा संशय पडताळण्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावरील 'स्पीड अँड डुप्लेक्स' १०० वर बांधून पाहता येते. नेट एकदम स्थिर झाले तर अधू जोडी शिल्लक दोनांपैकी आहे. पण हे तपासणीपुरतेच करावे. एका बाजूने वेग बांधला आणि दुसरी बाजू स्वयंचलित राहिली, तर दुसऱ्या बाजूला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचे की आळीपाळीने) कळत नाही, आणि ती नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीने बोलणे, धरते. मग पिंग छान चालते आणि मोठी फाइल उतरवायला घेतली की सगळे रखडते. असा 'उपाय' करून वर्षानुवर्षे कूर्मगतीने काम करणारी कार्यालये मी पाहिली आहेत.

वायर दोषी, पण कुठे? लॅपटॉप उचलून हॉलमध्ये राउटरशेजारी नेला आणि आखूड, चांगल्या वायरीने जोडला, तेव्हा टीव्हीवरच्या मालिकांच्या गोंगाटात संपूर्ण कामाचा दिवस एकही खंड न पडता गेला. यातून लॅपटॉपचा पोर्ट आणि राउटरचा तो पोर्ट दोन्ही निर्दोष ठरले. मग केबल टेस्टर आणला. दोन डब्यांचे हे स्वस्त उपकरण वायरीच्या दोन टोकांना लावले की १ ते ८ दिवे क्रमाने लुकलुकतात आणि सगळे लागले की वायर चांगली, असे मानण्याची पद्धत आहे. आमच्या वायरीचे आठही दिवे लागले.

या दिव्यांवर किती विश्वास ठेवावा हे समजून घेतले पाहिजे. टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे की नाही एवढेच सांगतो, आणि तेही त्या क्षणापुरते. प्लग बसवणाऱ्याने रंगांच्या जोड्या शेजारीशेजारी ओळीने लावल्या, म्हणजे ३ आणि ६ या पिनांवर एकाच हिरव्या जोडीऐवजी दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा आल्या, तरीही आठही दिवे क्रमानेच लागतात. प्रत्यक्षात मात्र पीळ मोडल्यामुळे एका जोडीचा आवाज दुसरीत घुसतो आणि नेट रडतखडत चालते. म्हणून प्लग पारदर्शक असतो याचा फायदा घ्यावा आणि रंग डोळ्यांनी वाचावेत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमचा क्रम बरोबर होता.

उरली ती हलवून पाहण्याची चाचणी, आणि माझ्या मते ती टेस्टरपेक्षा जास्त कामाची आहे. पिंग चालू ठेवून एकाने पडद्याकडे पाहायचे आणि दुसऱ्याने वायर एका टोकापासून हाताने चाचपत, किंचित वाकवत पुढे सरकायचे. आमच्याकडे वायर मागच्या खोलीत शिरते ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या रुळावरून. तिथे हात पोहोचला आणि सौ. आतून म्हणाली, "अहो, गेलं बघा." मग टेस्टर पुन्हा लावला आणि खिडकी सरकवली. काच बंद होताच आठवा दिवा गेला, उघडताच आला. पावसाळाभर हेच चालले होते. सर आली की आम्ही खिडकी लावायचो, काचेची चौकट वायरीला रुळात चेपायची, आणि वाऱ्याने चौकट थरथरली की तुटलेली टोके कधी टेकायची, कधी सुटायची. पाण्याचा थेंबही वायरीत गेलेला नव्हता.

तो तुकडा कापून ब्लेडने सोलला. वरचे आवरण शाबूत, फक्त चपटे झालेले. आत तपकिरी जोडीचा पीळ उलगडलेला आणि तपकिरी तार मध्येच मोडलेली. मोडलेल्या जागी ती तांब्यासारखी लालसर नव्हती, पांढुरकी होती. ब्लेडने खरवडल्यावर तांब्याचा पातळ मुलामा निघाला आणि खाली ॲल्युमिनियम दिसले. बाजारात हिला सीसीए (कॉपर-क्लॅड ॲल्युमिनियम) म्हणतात. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, आणि वाकवले-चेपले की ते तांब्यापेक्षा लवकर मोडते. नेटवर्क केबलच्या प्रमाणांना अखंड तांब्याची तार अपेक्षित आहे, पण आवरणावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' ही दर्जाची नावे छापायला कोणाचे काय जाते. लॅमिंग्टन रोडवर नवी वायर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने स्वतःहून विचारले, "कॉपर पाहिजे की सीसीए?" भावात बराच फरक असतो, आणि ग्राहकाने विचारले नाही तर स्वस्तातली वायर हाती पडण्याची शक्यता अधिक. तिथेच एक टोक खरवडून पाहावे. तांबे आतपर्यंत लालच असते.

नवी वायर ओढताना दोन गोष्टी मुद्दाम बदलल्या. एक म्हणजे, भिंतीवरून जाणारी वायर अखंड जाड तारेची असते आणि ती एका जागी पडून राहण्यासाठी बनवलेली असते. तिच्याच टोकाला प्लग बसवून ती थेट लॅपटॉपमध्ये खोचायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत चुकीची आहे, कारण लॅपटॉप रोज सरकतो आणि ताण थेट प्लगवर येतो. पातळ लॅपटॉपमधल्या जबड्यासारख्या उघडणाऱ्या पोर्टची पकड तर मुळातच नाजूक. भिंतीवर जॅकची पेटी बसवून वायर तिथे संपवली आणि तिथून पुढे बारीक तारांची मऊ पॅच कॉर्ड घेतली. ती खराब झाली तर दहा सेकंदांत बदलता येते. दुसरे म्हणजे, खिडकीचा मार्ग सोडून चौकटीशेजारी भिंतीत भोक पाडले. ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवले आणि भोकाखाली वायरीला झोळ दिला, म्हणजे ओघळणारे पाणी आत न शिरता झोळाच्या तळाशी गळून जाते. बाहेरच्या भागासाठी काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची वायर घेतली. साधे पीव्हीसी आवरण पश्चिमेच्या उन्हात कडक होऊन तडकते. भोक पाडण्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मिळवणे हे या साऱ्या कामातले सर्वांत वेळखाऊ प्रकरण ठरले, पण तो विषय वेगळा.

वायर बदलल्यावर वेग १००० वर स्थिरावला आणि कामाच्या वेळचे खंड थांबले, पण जेवून परत आल्यावर कधीकधी लिंक पडलेली सापडे. लॅपटॉप रिकामा असतानाच असे होते, हे लक्षात आल्यावर वीज वाचवणाऱ्या सोयींकडे मोर्चा वळवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते; तशाच 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि काही कार्डांत 'ग्रीन इथरनेट' या नावांनीही सोयी असतात. एनर्जी एफिशियंट इथरनेट हे २०१० चे प्रमाण आहे. वाहतूक नसताना दोन्ही टोके डुलकी घेतात आणि निरोप आला की जागी होतात. काही कार्ड आणि राउटर यांचे या डुलकीच्या बाबतीत जमत नाही. तिन्ही सोयी एकदम बंद केल्या असत्या तर नेमकी कोणती नडत होती ते कळले नसते, म्हणून एकेक बंद करून मध्ये दिवस जाऊ दिला. पॉवर मॅनेजमेंटची खूण काढूनही फरक पडला नाही, ती परत लावली. एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केले आणि लिंक पडणे थांबले. विंडोजच्या मोठ्या अपडेटबरोबर ड्रायव्हरही बदलला तर हे सेटिंग मूळपदावर जाऊ शकते, तेव्हा अपडेटनंतर ते पान एकदा उघडून पाहावे लागते.