हिवाळ्यात शाकारलेली होडी

चाकूचं टोक होडीच्या बरगडीत (फळ्यांना आतून धरणारी वाकवलेली लाकडी पट्टी) शिरलं नाही, म्हणजे लाकूड कुजलेलं नव्हतं. पण बोट फिरवलं तर आडवी चीर लागली. टॉर्च मारून पुढे सरकलो, तर शेजारच्या बरगडीलाही तशीच चीर. डाव्या कुशीला, तळ वर वळतो त्याच जागी, ओळीने पाच बरगड्या मोडल्या होत्या. नोव्हेंबर उजाडला होता, बाहेर शून्याच्या आसपास, आणि मी होडीच्या पोटात गुडघ्यांवर.

होडी म्हणजे फोल्कबोट, १९६० च्या सुमाराची. ७.६८ मीटर लांब, एकच डोलकाठी, वजन दोन टनांच्या आसपास आणि त्यातलं निम्मं तळाच्या लोखंडात. सामान्य माणसाला परवडावी म्हणून आखलेली ही जात. तिची पहिली होडी १९४२ मध्ये इथे, स्वीडनमधल्या गोथेनबर्गलाच पाण्यात उतरली. फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या रिबिटांनी जोडलेल्या. फटीत कापूस नाही, डांबर नाही. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि फळी फळीला घट्ट बसते, तेवढाच काय तो बंदोबस्त.

हे 'फुगणं' मला समजलं नव्हतं. विकत घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात ताडपत्री चारही बाजूंनी आवळून आत हीटर लावला. थंडीने बिचारीला काही होऊ नये म्हणून! वसंतात फळ्या इतक्या सुकल्या की सांध्यांतून उजेड दिसायला लागला. घाबरून मी तळाकडच्या दोन सांध्यांत ट्यूबमधलं सीलंट भरलं. आणि मला कळलं की आधीच्या मालकानेही तेच केलं होतं, फक्त त्याने दगडासारखी घट्ट होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. सुकलेल्या सांध्यात अशी पाचर बसली की फळी फुगताना तिला जायला जागा उरत नाही. मग ती रिबिटं ओढते, आणि रिबिटं बरगडी मोडतात. पाच चिरांचा उगम तो.

मालवणला बाबांना व्हिडिओ कॉलवर ताडपत्री दाखवली होती. आजोबांची होडी जूनमध्ये वाळूवर ओढून झापांनी शाकारायचे, ते काम त्यांनी लहानपणी केलेलं. बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आणि वारो खंयसून जातलो?" मी तेव्हा हसलो होतो. यंदा ताडपत्रीखाली लाकडी सांगाडा उभा केला, पुढची, म्हणजे नाळेकडची, आणि मागची बाजू उघडी ठेवली, हीटर विकून टाकला.

आधी सांध्यांतली ती पुट्टी काढली. जुन्या करवतीचं पातं वाकवून, वीत वीत करत, तीन आठवडे. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

बरगड्यांचं काम मात्र मजेचं. मोडलेली तशीच ठेवून तिला खेटून नवी बसवायची असं ठरवलं. काहींना हे कमअस्सल वाटतं, पण जुनी काढली की कुशीचा आकार ढळायची भीती. ओकची पट्टी वाफेवर मऊ करायची. इंचभर जाडीला तासभर वाफ, असा ढोबळ हिशेब. फळ्यांची लांबट पेटी केली आणि भिंतीवरचा कागद उकलायला मिळतं ते वाफेचं यंत्र तिला जोडलं. पहिली पट्टी वाकवताच काडकन मोडली. दुसरीही. शेजारच्या होडीवाल्याने तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "भट्टीत सुकवलेलं आणलंस ना?" दुकानातलं गुळगुळीत, सुंदर लाकूड होतं ते. वाकवायला ओलसर, ताजं कापलेलं ओक लागतं.

हा शेजारी पंचाहत्तरीचा. स्वीडिशमध्ये सगळ्यांनाच 'दू', म्हणजे तू. तोंडाने तू म्हणतो, पण मनात मी त्यांना कायम अहो-जाहोच करतो. ओलं लाकूड त्यांनीच मिळवून दिलं. त्यानंतर पट्टी पेटीतून काढली की जाड हातमोजे घालून पळत सुटायचं. मिनिटभरात ती कुशीला टेकवून शिकंजे आवळले नाहीत तर पुन्हा ताठ. सहा वाफवल्या, पाच बसल्या.

रिबीट एकट्याने होत नाही. बाहेरून तांब्याचा चौकोनी खिळा ठोकायचा, आतून त्यावर वाटीसारखी छोटी चकती चढवायची, उरलेलं टोक कापायचं आणि हलक्या हातोडीने ते चकतीवर पसरवायचं. त्या वेळी बाहेर कुणीतरी खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड दाबून धरावं लागतं. माझे शेजारी बाहेर, मी आत, मध्ये लाकूड. बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ठोक्यांची भाषा ठरली: एक म्हणजे धरलंय, दोन म्हणजे पुढचा. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यामुळे सगळं डोक्यावरच्या दिव्यात. जोरात ठोकलं की खिळा आतल्या आत वाकतो आणि बाहेरून काही कळत नाही. अशी चौदा रिबिटं पुन्हा काढावी लागली.

जवसाचं तेल मार्चमध्ये आतून पाजलं. त्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून पाण्याच्या बादलीत. रंग आणि व्हार्निश पारा दहाच्या वर जाईपर्यंत थांबले, म्हणजे एप्रिल संपत आला. या वेळी सांध्यांत काहीही भरलं नाही. उतरवण्याआधी आठवडाभर आत ओली गोणपाटं पसरून ठेवली.

मे महिन्यात क्रेनने होडी पाण्यात टेकवली आणि पट्टे न काढता रात्रभर तशीच लटकती ठेवली. पहिल्या तासात पाणी तळफळ्यांवर आलं. पंप जवळजवळ थांबतच नव्हता. मध्यरात्री तो दहा मिनिटांनी लागायला लागला, पहाटे चारला, उजाडत असताना, अर्ध्या तासाने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन तासांनी एकदा.

बरगड्यांपाशी थेंब नाही. डावीकडे तळाजवळ मात्र एक सांधा अजून झिरपतो. पहिल्या वर्षी मी भरलेलं सीलंट तिथून पूर्ण निघालंच नव्हतं. करवतीचं वाकवलेलं पातं ऑक्टोबरसाठी होडीतच ठेवलं आहे.