पाचवा वेढा

आज अख्खी दुपार एका गाठीपायी गेली. ब्लेक्स हिचला (झाडावर दोराने चढा-उतरायची गाठ, हाताने सरकते आणि वजन पडलं की दोराला घट्ट धरते) चार वेढे असतात आणि टोक खालच्या दोन वेढ्यांच्या आतून काढायचं, मी म्हटलं पाचवा देऊन बघू, उतरताना जरा सावकाश सरकेल... सरकेल कसली, जमिनीपासून हातभर वर लटकलो आणि गाठ अशी आवळून बसली की बोटांनी हलेचना! नशीब, नवीन काही असलं की मी कमी उंचीवरच ट्राय करतो (आणि टोक निसटू नये म्हणून तिथे स्टॉपर गाठ मारल्याशिवाय तर अंगाचं वजन टाकतच नाही). परत चारवर आलो तर मस्त चालली, पण जोशात भर्रकन उतरलो आणि दोर एवढा तापला की आवरण घासून चकचकीत, कडक झालं, तेवढा तुकडा कापावा लागला.

बाय द वे ही गाठ हाइन्झ प्रोहास्काने १९८१ मध्येच मांडली होती, जेसन ब्लेकने १९९४ मध्ये एका मासिकाला लिहून कळवली आणि झाडवाल्यांत नाव त्याचंच चिकटलं. त्यामुळे माझ्या पाचव्या वेढ्याला नवीन वगैरे म्हणू नका, आधी कुणीतरी असंच लटकलं असणारच. फोटो टाकलाय, सोडवायला वीस मिनिटं लागली तीच ही.