तुळशीबागेतली खरेदी

आज आईबरोबर तुळशीबागेत बाळाची खरेदी केली. बाळ यायच्या आधी घरात काही आणू नये, असं आजी म्हणते. म्हणून सगळं आईकडेच ठेवलंय, आजीचंही मन राहिलं.

झबली घेताना आईने एकेक उलटं करून आतली शिवण बोटाने चाचपून पाहिली. घेतली ती फक्त पुढून उघडणारी, बंदांची. डोक्यातून घालायची कटकट नको, आणि बाळ वाढलं की बंद सैल बांधता येतात. मलमलचे लंगोट मात्र दोन डझन! बाळ ऐन पावसाळ्यात येणार, आणि तेव्हा पुण्यात कपडे वाळतात कुठे? दुपटी आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची शिवणार. त्या मऊपणाला तोडच नाही.

दुकानदाराने दुधाच्या बाटल्यांचा सेट पुढे केला. नको म्हटलं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीवरसुद्धा बंदी आहे, ते उगाच नाही. उशीही घेतली नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला ती नकोच.

उद्या सगळं धुऊन कडक उन्हात वाळवायचंय. कुंची तेवढी राहिलीय. हाताने शिवलेली, सुती अस्तराची कुठे मिळेल? कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.