वाढलेल्या पेशी जातात कुठे?

संसर्गाच्या काळात वाढलेल्या पांढऱ्या पेशी आजार बरा झाल्यावर जातात कुठे, हे मला विद्यार्थी विचारतात आणि रुग्णांचे नातेवाईकही. त्यांतील बहुतेक पेशी मरतात आणि त्यांनी मरावे अशीच शरीराची व्यवस्था आहे. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मुळातच अल्पायुषी असतात, म्हणून मी टी पेशींविषयीच, म्हणजे विशिष्ट जंतू ओळखून प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींविषयीच सांगतो.

टी पेशीला नुसते जिवंत राहण्यासाठीही बाहेरून सतत संदेश मिळावा लागतो. इंटरल्युकिन-७ हे संदेशवाहक प्रथिन तिच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला चिकटले, की आतल्या बाजूची जॅक विकरे स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, ते केंद्रकात शिरते आणि पेशीला मरणापासून राखणाऱ्या बीसीएल-२ ची निर्मिती चालू ठेवते. संसर्गात इंटरल्युकिन-२ ची भर पडते, एमटॉर हा पेशीला वाढीची आज्ञा देणारा मार्ग जागा होतो आणि पेशी भराभर विभागू लागतात. जंतू हटले की हे संदेश आटतात, बिम हे मारक प्रथिन वरचढ ठरते आणि वाढलेल्या टी पेशींपैकी सुमारे ९० ते ९५ टक्के काही आठवड्यांत नाहीशा होतात. उरतात त्या स्मृतिपेशी, म्हणजे तोच जंतू पुन्हा आल्यास त्याला ओळखणाऱ्या पेशी.

वाढ आणि जगणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे ज्ञान वाटते. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतील संशोधकांनी इंटरल्युकिन-३ वर जगणाऱ्या रक्तपेशींत बीसीएल-२ चे जनुक घातले आणि मग ते इंटरल्युकिन काढून घेतले. पेशी विभागल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगात १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हेच जनुक सतत चालू राहते, म्हणजे तिथे कर्करोगाची सुरुवात वेगाने वाढण्यातून नव्हे, तर वेळेवर न मरण्यातून होते. बीसीएल-२ ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झाले.

याच्या उलट, काही मुलगे असे जन्मतात की त्यांच्या पेशींवर इंटरल्युकिन-२, ७ आणि १५ च्या ग्राहकांना सामाईक असलेली गॅमा साखळी सदोष असते. या दोषामागचे जनुक १९९३ मध्ये सापडले. संदेश असतो, पण तो ऐकणारेच कोणी नसते. टी पेशी तयारच होत नाहीत आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा बाळाला योग्य दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी मिळाल्या, तर त्यांना तो संदेश कळतो, आणि रिकाम्या जागेत त्यांची वाढ जोमाने होते.