‘नापास’ नावाचा रकाना

गावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा नव्हता, म्हणून आमच्या एमबीएच्या मुलांनी भिंतीवरच प्रोजेक्टर लावला. सातव्या स्लाइडवर बेदाणा करणाऱ्या अकरा बागायतदारांची नावं होती आणि पुढे दोन रकाने: सल्फर डायऑक्साइड आणि निकाल. नऊ जण पास, दोघं नापास. नापास लाल अक्षरात. ती अकराही माणसं समोरच्या खुर्च्यांवर बसली होती.

दोघांपैकी एक जण उठला. वरच्या पट्टीत बोलला नाही. “मॅडम, माझा बेदाणा नापास. मग गेल्या सौद्याला तासगावात सगळ्यांत जादा दर कुणाला लागला, ते बी लिवा की त्यात.” आणि चप्पल घालून गेला.

ती स्लाइड आदल्या रात्री माझ्या नजरेखालून गेली होती. मी शुद्धलेखन तपासलं, डॉलरचा दर तपासला. नावांकडे बघून काही खटकलं नाही, हे आजही मला खटकतं.

आमचा अभ्यासक्रम एमबीए, इंटरनॅशनल बिझनेसचा. चार क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट असतो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एक बसभर पोरं, एक सामंजस्य करार आणि कंटेनरसमोर फोटो. मूल्यांकनाला येणारी समिती करार मोजते; त्यातून माल किती गेला हे अजून कुणी विचारलेलं नाही. सांगली जिल्ह्यात बसून निर्यात शिकवायची आणि बेदाणा सोडून परदेशी कंपन्यांच्या केस स्टडी वाचायच्या, याचा आम्हाला कंटाळा आला होता. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही एक शेतकरी उत्पादक कंपनी गाठली: बेदाणा वाळवायच्या अकरा शेड, १५ किलोचे १,२०० बॉक्स, १८ टन, म्हणजे वीस फुटी एक कंटेनर. खरेदीदार नेदरलँड्समधला, बोलणी त्याच्या इथल्या एजंटाशी.

कागदपत्रांचं काम मुलं पुस्तकातून शिकून येतात आणि तिथेच आपटतात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, काढणं सोपं. पॅन क्रमांकच आयईसी असतो. पण परकीय चलनाचा व्यवहार बघणाऱ्या बँकेचा क्रमांक, एडी कोड, बंदराप्रमाणे नोंदवावा लागतो, तो न्हावा शेवा बंदराला नोंदवलेला नसेल तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्जच पुढे सरकत नाही. आमचा खरा घोटाळा एलयूटीचा. जीएसटी न भरता माल बाहेर पाठवायचा तर हे हमीपत्र ऑनलाइन द्यावं लागतं आणि ते आर्थिक वर्षापुरतंच चालतं. मुलांनी ते जानेवारीत भरलं, फाइलला हिरवी खूण केली. बेदाण्याचा हंगाम मात्र ३१ मार्च ओलांडून जातो. इनव्हॉइस ३ एप्रिलच्या तारखेचं, हमीपत्र गेल्या वर्षाचं. कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटानं, म्हणजे सीएचएनं, फोनवर हसून सांगितलं, म्हणून कळलं. नवं भरायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा दोन साक्षीदारांचे पत्ते शोधण्यात गेली. करारात एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली) लिहिलं होतं, तेही बदलून एफसीए (माल वाहतूकदाराच्या हाती सोपवला की जोखीम संपली) करावं लागलं. कारण कंटेनर आपण यार्डात सोपवतो, जहाजावर चढवत नाही, आणि मधल्या दोन-चार दिवसांची जोखीम एफओबीत फुकट आपल्या गळ्यात राहते.

पण गाडी अडली ती नमुन्यावर.

बेदाणा कसा होतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. लिटरला १५ मिली आणि २५ ग्रॅम. मग शेडमधल्या रॅकवर, जाळ्यांच्या थरांवर, सावलीत दोन-तीन आठवडे. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा. त्यानंतर रंगासाठी गंधकाची धुरी, सगळं प्लास्टिकखाली झाकून. धुरी किती द्यायची आणि किती तास, हे शेडगणिक वेगळं. हवा स्वच्छ असली तर थोडक्यात भागतं. ढगाळ झालं, अवकाळीचे दोन शिंतोडे पडले, की वाळण लांबते, माल काळपट पडायला लागतो आणि माणूस गंधक वाढवतो. त्या वर्षी मार्चमध्ये तेच झालं.

युरोपात बेदाण्याला या धुरीतून मालात राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला २,००० मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमच्या वर असला की ॲलर्जीची सूचना म्हणून पाकिटावर छापावंच लागतं. त्याशिवाय बुरशीचं विष, ऑक्राटॉक्सिन: मर्यादा आधी किलोला १० मायक्रोग्रॅम होती, २०२३ पासून ८.

मुलांनी पहिला नमुना शीतगृहात घेतला: दारालगतच्या थप्पीचे वरचे चार बॉक्स, दोन किलो. निकाल ८८० आला आणि सगळे खूश. थप्पी का उतरवली नाही असं विचारल्यावर कळलं की प्रोजेक्टच्या बजेटमध्ये प्रवास होता, अहवालाची छपाई होती, बाइंडिंग होतं, हमाली नव्हती. थप्पी उतरवायची आणि परत लावायची म्हणजे हमालांचा अर्धा दिवस. तो खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हे आमच्या लेखा विभागाला आजही सुचलेलं नाही. ते चार बॉक्स एकाच शेडचे होते, हे नंतर कळलं.

दुसऱ्यांदा हमाल लावून शंभर बॉक्स उघडले. प्रत्येक बॉक्सच्या मधून, वरून नव्हे, शंभर ग्रॅम. एकूण दहा किलो, ताडपत्रीवर एकजीव करून त्यातून प्रयोगशाळेचा वाटा. निकाल १,१३०. म्हणजे पुन्हा मर्यादेच्या आतच. इथे थांबलो असतो तर कंटेनर गेला असता आणि फोटोही निघाला असता.

एजंट जुना माणूस. तो म्हणाला, शेडवार रिपोर्ट द्या. अकरा वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. नऊ शेड हजाराच्या आसपास किंवा त्याखाली. उरलेल्या दोन: ७० बॉक्स २,४५० आणि ९० बॉक्स २,७००. बाराशे बॉक्सच्या सरासरीत हे १६० बॉक्स विरघळून जात होते. तिकडच्या तपासनीसानं नेमका त्यातला बॉक्स फोडला असता तर सगळी खेप अडकली असती. सरासरी शिकवताना मी आता हेच उदाहरण घेते.

१६० बॉक्स बाजूला काढले. उरले १,०४०, म्हणजे १५.६ टन. कंटेनरचं भाडं तेवढंच, सीएचएची फी तेवढीच. किलोमागे हा सगळा बोजा सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. मुलांच्या तक्त्यातला बराचसा नफा त्यातच गेला. बॉक्स उघडून हवा दिली की सल्फर काही प्रमाणात उतरतो, पण शीतगृहात तो सावकाश उतरतो आणि जहाजाची तारीख थांबत नाही. जे उरलं ते कंपनीनं पाठवलं. दर तासगावच्या सौद्यापेक्षा, म्हणजे लिलावापेक्षा, किलोला थोडाच जास्त पडला, पैसे मात्र उशिरा आले. “एवढ्या उस्तवारीला परवडतंय व्हय?” हा प्रश्न सभेत आला, तेव्हा मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही सरळ होय नव्हतं.

आता त्या लाल अक्षरांबद्दल. आम्ही त्या माणसाला नापास म्हटलं ते एका खरेदीदाराच्या कागदावरून. त्याचा रोजचा गिऱ्हाईक वेगळा आहे. सौद्याच्या हॉलमध्ये व्यापारी बॉक्समधून मूठभर उचलतो, उजेडात धरतो आणि रंगावर दर बोलतो. (नमुना म्हणून उचललेला बेदाणा फेकतो, उधळतो, बॉक्समागे होणारी ती तूट बागायतदाराची. मुलांना सगळ्यांत धक्का त्याचा बसला.) तिथे मिलिग्रॅम कुणी विचारत नाही. त्याचा माल हिरवागार, एकसारखा, झळाळीचा होता, आणि ती झळाळी जादा धुरीचीच होती. म्हणजे जे एका बाजारात त्याला वरचा दर देतं, तेच दुसऱ्या बाजारात त्याला बाहेर काढतं. मुलांनी हे दोन्ही आकडे गोळा केलेले होते. सौद्याचा दर अकराव्या स्लाइडवर होता. तिथपर्यंत तो थांबला नाही.

वर्गात आम्ही निष्कर्ष सगळ्यांसमोर मांडायला शिकवतो, ते मोकळेपणाचं मानतो. गावात त्याच अकरा माणसांचं सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी, पोरांची लग्नं एकमेकांत गुंतलेली असतात. १६० बॉक्स माघारी नेताना ट्रॅक्टर भर रस्त्यानं गेला, तेवढं पुरे होतं. भिंतीवर नाव लिहायची गरज नव्हती. मी दोन दिवसांनी त्या उठून गेलेल्या बागायतदारांच्या शेडवर गेले. चहा मिळाला. बेदाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. पुढच्या हंगामात त्यांनी कंपनीकडे माल घातला नाही.

आता रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला जातो, बॉक्सवर नावाऐवजी शेडचा क्रमांक असतो आणि बजेटमध्ये हमाली हे शीर्ष आहे, त्यासाठी दोन पत्रं लिहावी लागली. तक्त्यातला तो रकाना मुलांनी तीनदा बदलला: आधी ‘अपात्र’, मग ‘अयोग्य’, मग ‘देशांतर्गत’. शेवटच्यावर एका मुलीनं विचारलं, “म्हणजे आपण खाल्लं तर चालतं का, मॅडम?” सध्या तो रकाना बिननावाचा आहे. नुसता आकडा, आणि शेजारी त्या खरेदीदाराची मर्यादा.