तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे गेलो तो कसा

"काका, गोळ्या सुरू असताना पुढे गेलात तरी कसे?" तर्रीपोह्याच्या ठेल्यावर, लग्नात, 26 जुलैला कारगिल विजय दिनाच्या शाळेच्या कार्यक्रमात, सगळीकडे हेच. आमच्या नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस लोकांसाठी उघडतो. 15 ऑगस्टला नातवाला घेऊन गेलो, तर तिथेही एकाने सेल्फी काढता काढता विचारलंच. (दुसरा प्रश्न, महिन्याला किती मिळतात? सेना मेडलचे दोन हजार. 2017 च्या आधी एक हजार होते. झालं समाधान?)

आजवर मी "ट्रेनिंग" म्हणून सुटत आलो. ते खोटंही नाही. हल्ल्यात जखमीसाठी थांबायचं नाही, त्याला मागचे उचलतील, हे रिक्रूट असल्यापासून डोक्यात ठोकलेलं असतं. जो तो थांबला तर वर पोचणार कोण?

जून 1999. द्रासच्या वरचा कडा, चार पावलं टाकली की धाप. माझा बडी, म्हणजे जोडीतला साथी, काटोलकडचा. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्याच्याकडे, मॅगझिनं माझ्या पाठीवर. वरून फायर आला आणि तो बसला. पडला नाही, बसला. गाडीला वेळ आहे म्हणून स्टँडवर बसावं तसा. म्हणाला, "पाणी दे बे."

बाटली माझ्या कमरेला होती. अर्धी गोठलेली, हलली की आत बर्फ खडखडायचा. तो माझ्या सात-आठ हात मागे, आणि मधल्या दगडांवर ठिणग्या उडत होत्या. पुढे एक मोठा खडक होता. मी खडकाकडे गेलो. तिथून पुढच्या खडकाकडे. मागून आवाज येतच होता, तो ऐकू येऊ नये म्हणून आणखी पुढे. असं करत करत बंकर ग्रेनेडच्या टप्प्यात आला. सायटेशनमध्ये, म्हणजे मेडलसोबतच्या मानपत्रात, याला "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता" असं म्हटलंय.

तो नियम तेव्हा आठवला होता का? तेव्हाच्या मला विचाराल तर तो छातीवर हात ठेवून हो म्हणेल. मला वाटतं, उजाडल्यावर खाली उतरताना आठवला. पण तो बंकर चालू राहता तर मागचे आणखी किती गेले असते, हेही तुम्हीच सांगा. मी काही चूक केली नाही. बाटली मात्र खाली येईपर्यंत भरलेलीच होती.

सुट्टी मिळाली तसा त्याच्या गावी गेलो. मायने मेडलबद्दल, बंकरबद्दल काही विचारलं नाही. तेव्हा मेडल मिळालंही नव्हतं म्हणा. पाण्याचा गडवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्याले पाणी भेटलं होतं का जी, शेवटी?"

मी म्हटलं, "हो माय. मीच पाजलं."

तिने पदर डोळ्याला लावला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात.

दरवर्षी दिवाळीनंतर जातो. आता तिला फारसं आठवत नाही, त्यामुळे दरवेळी ती नव्याने विचारते आणि मी नव्याने हो म्हणतो. दोन वर्षांपूर्वी खरं सांगायचंच असं ठरवून काटोलची बस धरली होती. तिने गडवा पुढे केला, मी पाणी प्यालो आणि परत आलो.

यंदा दिवाळी होऊन महिना झाला. अजून गेलो नाही.